बाळ यायच्या आधी: काय घ्यावं, किती घ्यावं आणि कधी

नवजात बाळाच्या खरेदीची यादी दुकानात उभं राहून करायची नसते. ती बाळाच्या एका दिवसावरून करायची. पहिल्या महिन्यात बाळ २४ तासांत ८ ते १२ वेळा दूध पितं, तुकड्या-तुकड्यांनी १४ ते १७ तास झोपतं, पहिला आठवडा संपेपर्यंत दिवसाला किमान ६ वेळा शू आणि ३-४ वेळा शी करू लागतं, आणि मधूनच थोडं दूध उलटून अंगावरचे कपडे भिजवतं. त्याच्या गरजा एवढ्याच: पिणं, शी-शू, झोप आणि ऊब. जी वस्तू या चारपैकी कशालाच लागत नाही, ती पहिल्या सहा आठवड्यांत नसली तरी काही बिघडत नाही.

दुसरा हिशोब धुण्याचा. कुठलाही कपडा किती घ्यायचा हे तो दिवसाला किती लागतो आणि धुऊन पुन्हा कोरडा व्हायला किती दिवस जातात यावर ठरतं. लंगोट दिवसाला १२ लागतात, रोज धुतले जातात आणि दुसऱ्या दिवसापर्यंत वाळतात असं धरलं, तर १२ वापरात, १२ दोरीवर आणि ५-६ हाताशी, म्हणजे ३० पुरतात. हवा दमट असेल आणि वाळायला दोन दिवस लागत असतील तर ४० लागतील. कपडे वाळवायचं मशीन असेल तर २४ मध्ये भागतं. दुसऱ्या कुणाची यादी जशीच्या तशी उचलली की इथेच फसगत होते, कारण त्यांचं धुणं-वाळवणं तुमच्यासारखं नसतं.

वेळेचं म्हणाल तर ३७ आठवडे पूर्ण झाले की बाळ पूर्ण दिवसांचं धरतात, पण त्याआधी येणारी बाळं काही क्वचित नसतात. म्हणून ३२व्या आठवड्यापर्यंत खरेदी, ३४व्यापर्यंत सगळं धुऊन घडी करून ठेवणं आणि ३६व्याला दवाखान्याची पिशवी दाराशी, असा क्रम ठेवा. जुळं असेल तर प्रत्येक टप्पा तीन-चार आठवडे अलीकडे आणा.

लंगोट आणि डायपर

सगळ्यात जास्त राबणारी वस्तू ही, म्हणून इथे थोडं थांबू.

कापडी लंगोट वापरणार असाल तर मऊ, सुती, पांढऱ्या किंवा अगदी फिक्या रंगाचे घ्या. यामागे कारण आहे. पहिल्या आठवड्यात बाळाच्या शी-शूचा रंग हीच सगळ्यात खरी बातमी असते, आणि गडद छापील कापडावर ती दिसत नाही. पहिल्या एक-दोन दिवसांची शी हिरवट-काळी, डांबरासारखी चिकट असते. मग ती हिरवट होते आणि चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत अंगावर पिणाऱ्या बाळाची शी पिवळी, पातळ, दाणेदार दिसू लागते. पाचव्या दिवशीही काळीच शी होत असेल तर दूध पुरेसं जात नाही अशी शंका घ्यायची आणि डॉक्टरांना दाखवायचं. शूचा हिशोबही सोपा आहे: पहिल्या दिवशी किमान एकदा, दुसऱ्या दिवशी दोनदा, तिसऱ्या दिवशी तीनदा, आणि पाचव्या-सहाव्या दिवसापासून सहा किंवा अधिक वेळा. पहिल्या दोन-तीन दिवसांत लंगोटावर विटकरी रंगाचा डाग दिसला तर तो बहुधा शूमधल्या युरिक ॲसिडच्या खड्यांचा असतो. नंतरही दिसत राहिला तर तेही दूध कमी पडत असल्याचं लक्षण आहे. मुलीच्या लंगोटावर पहिल्या आठवड्यात रक्ताचा बारीकसा ठिपका दिसू शकतो. आईच्या शरीरातून आलेली संप्रेरकं उतरत असल्यामुळे तसं होतं.

विकतचे डायपर घेणार असाल तर सर्वांत लहान मापाचं एकच पाकीट आधी आणा, आणि त्याच्या पुढच्या मापाचं एक. पाकिटावर महिने न बघता किलो बघा. लहान माप साधारण ४-५ किलोपर्यंत चालतं, त्यामुळे बाळ जन्मतःच पावणेचार किलोचं असलं तर ते माप बघता बघता संपतं. पहिल्या आठवड्यात ७० ते ८० डायपर लागतात असं धरून चाला. डायपरची एक अडचण अशी की आतला थर शू इतकी शोषून घेतो की ओलं झालंय की नाही तेच कळत नाही. यावर एक साधा उपाय आहे. बाळ यायच्या आधीच एका कोऱ्या डायपरवर ३ मोठे चमचे पाणी ओता आणि तो हातात धरून बघा. भरलेल्या डायपरचं वजन हाताला कळलं की रात्री अर्धवट झोपेतही अंदाज येतो.

डायपर गळतो तेव्हा बहुतेक जण कंपनी बदलतात. आधी बसवण्याची पद्धत तपासा. मांड्यांपाशी एक बारीक झालर असते, ती आत दुमडली गेली की शी बाजूने बाहेर येते. डायपर लावून झाल्यावर दोन्ही मांड्यांजवळ बोट फिरवून झालर बाहेर काढायची. मुलाची शूची जागा खालच्या दिशेला ठेवायची, नाहीतर सगळं पोटावर वाहतं. पट्टी लावताना कमरेपाशी दोन बोटं जातील इतकी जागा सोडायची. एवढं करूनही पाठीकडून गळत असेल आणि मांडीवर लाल वळ उठत असतील तर माप लहान पडतंय.

पुसण्यासाठी पहिले काही आठवडे कापूस आणि कोमट पाणी सगळ्यात चांगलं. कापूस नीट भिजवून पिळून घ्या, कोरडा कापूस त्वचेवर घासतो. मुलीला पुसताना नेहमी पुढून मागे. चिकट काळी शी सुटत नाही म्हणून लोक जोर लावतात आणि त्वचा सोलवटते. त्यापेक्षा पहिल्या दिवशीच स्वच्छ, कोरड्या कुल्ल्यांवर पेट्रोलियम जेलीचा पातळ हात फिरवा, पुढची शी सहज निघते. पुरळ उठलं तर झिंक ऑक्साइड असलेलं मलम जाडसर लावा आणि दर वेळी ते खरवडून काढू नका, वरची घाण तेवढी पुसा. टाल्कम पावडर मात्र घरात आणूच नका. तिची धूळ श्वासावाटे बाळाच्या फुप्फुसात जाते.

लंगोट धुताना शी आधी गार पाण्यात खळबळून काढा, मग गरम पाणी आणि बिनवासाचा साबण. कपडे मऊ करणारं द्रव्य लंगोटांना वापरू नये, त्याचा धाग्यांवर थर बसतो आणि कापड पाणी शोषेनासं होतं. धुतलेल्या लंगोटाला ओला झाल्याबरोबर तीव्र वास येत असेल तर साबण कमी पडतोय किंवा खळबळणं अपुरं होतंय.

हे सगळं बदलायची जागाही आत्ताच ठरवा. कमरेएवढ्या उंचीचं टेबल असेल तर वाकावं लागत नाही, पण बाळ पहिल्या दिवसांतही पाय झाडून सरकतं, म्हणून एक हात कायम त्याच्यावर हवा. म्हणजेच बाकी सगळं दुसऱ्या हाताच्या टप्प्यात हवं: ५-६ लंगोट, कापूस, पाण्याची वाटी, मलम, एक झबलं, मेणकापड आणि झाकणाची बादली. एकदा उशी ठेवून सराव करा. एका हाताने मलमाचं झाकण उघडता येतं का हे तेव्हाच कळतं. टेबलाचा भरवसा वाटत नसेल तर जमिनीवर चटई टाकून बदलावं, तिथून बाळ पडत नाही.

कपडे: थोडे, पुढून उघडणारे आणि एक माप मोठे

झबली ८, त्यातली निम्मी पूर्ण बाह्यांची. पायापर्यंतचे अंगरखे ४. टोपडी २, मोजे ४ जोड्या. यापुढे घेतलेले कपडे बहुतेक वेळा घडी न मोडता लहान होतात. पूर्ण दिवसांचं बाळ साधारण ५० सेंटिमीटर लांब असतं आणि पहिल्या दोन आठवड्यांनंतर रोज २५-३० ग्रॅम वाढतं. ५० चं माप काही आठवड्यांतच उतरतं, म्हणून जास्त कपडे ५६ चे घ्या आणि बाह्या दुमडा.

झबलं पुढून उघडणारं हवं, कारण बाळाची मान धरलेली नसते आणि डोक्यावरून कपडा ओढताना ती सावरणं नवख्या हाताला जमत नाही. गळ्यापाशी नाड्या नकोत, सैल बटणं नकोत. खांद्यावर एकावर एक चढलेल्या पट्ट्या असलेले काही अंगरखे मिळतात. त्या पट्ट्या शोभेच्या नाहीत. शी पाठीपर्यंत गेली की गळा ताणून अंगरखा खांद्यांवरून खाली, पायांकडे काढता येतो आणि डोकं-केस बरबटत नाहीत.

मोजे आणि पायमोज्यांचे अंगरखे धुऊन झाल्यावर आतली बाजू बाहेर काढून बघा. आत सुटलेले धागे लोंबत असतात, कधी आईचा गळलेला केसही अडकलेला असतो. असा धागा किंवा केस बाळाच्या पायाच्या बोटाभोवती गुंडाळला गेला की तो काचत जातो, बोट सुजतं आणि रक्तपुरवठा बंद पडू शकतो. बाळ काही केल्या रडायचं थांबत नसेल तेव्हा पायमोजे काढून प्रत्येक बोट बघायची सवय लावून घ्या. धागे कात्रीने आधीच कापून टाका. बाळंतपणानंतर आईचे केस बरेच गळतात, तेव्हा ही तपासणी महिनोन्‌महिने चालू ठेवावी लागते.

हातमोजे आमच्या मते नकोतच. हात तोंडाकडे नेणं ही भुकेची पहिली खूण असते, रडणं त्यानंतरचं. हात झाकले की ही खूण दिसेनाशी होते. ओरखड्यांची भीती असेल तर बारीक कानस घ्या आणि बाळ झोपलेलं असताना नखं घासा.

किती कपडे घालावेत याचा ढोबळ नियम असा: त्याच खोलीत तुम्हाला जेवढ्यात बरं वाटतं त्याहून एक थर जास्त. हात-पाय गार लागले म्हणून थर वाढवू नका, नवजात बाळाचे हात-पाय गारच असतात. मानेमागे किंवा छातीला हात लावून बघा. मान घामेजली असेल तर एक थर काढा.

पातळ सुती दुपटी ६ ते ८, साधारण मीटरभर चौकोनी. गुंडाळायला, अंथरायला, खांद्यावर टाकायला तीच. गुंडाळताना छाती आणि कापड यांत तुमचा तळहात सहज जावा, आणि कमरेखाली पाय बेडकासारखे दुमडून फाकवता यावेत. पाय सरळ ताणून घट्ट बांधले तर खुब्याच्या सांध्याची वाढ बिघडू शकते. गुंडाळलेलं बाळ नेहमी पाठीवरच झोपवायचं, आणि ते कुशीवर वळायचा प्रयत्न करू लागलं की, मग ते दोन महिन्यांचं का असेना, गुंडाळणं बंद.

वापरण्याआधी प्रत्येक कपडा एकदा बिनवासाच्या साबणाने धुवा. कोऱ्या कापडावर कारखान्यातली खळ आणि रसायनं असतात. मानेमागचं कडक लेबल कापून टाका.

झोपायची जागा

इथे वस्तू वाढवायच्या नसतात, कमी करायच्या असतात. कडक, सपाट गादी, तिच्यावर ताणून बसणारी चादर, आणि बाळ पाठीवर. बस. उशी, मऊ रजई, कडेचे गुबगुबीत तक्के, खेळणी यांतलं काहीही नको. १९९०च्या दशकात अनेक देशांनी बाळांना पाठीवर झोपवण्याच्या मोहिमा राबवल्या आणि तिथलं झोपेतल्या अचानक मृत्यूंचं प्रमाण साधारण निम्म्यावर आलं. इतक्या साध्या बदलाने इतकी बाळं वाचल्याची उदाहरणं थोडी आहेत, म्हणून या बाबतीत तडजोड करू नका. दिवसाची डुलकी असो वा रात्रीची झोप, पाठीवरच.

गादी तपासायची ती अशी: हाताने दाबून सोडली की लगेच वर यायला हवी, आणि बाळ ठेवल्यावर त्याच्या डोक्याखाली खळगा पडता कामा नये. गादी आणि चौकट यांत दोन बोटांहून जास्त फट नको. गजांमधलं अंतर ६ सेंटिमीटरपेक्षा कमी हवं. मोजपट्टी नसेल तर शीतपेयाचा डबा गजांतून आरपार जातो का बघा, जात असेल तर तो पलंग नको. जुना पलंग मिळत असेल तर प्रत्येक स्क्रू जागेवर आहे ना ते पाहा, आणि एक बाजू खाली सरकणारा असेल तर सरळ नाही म्हणा. ती बाजू निखळून बाळं अडकल्यामुळे अमेरिकेत २०११ मध्ये अशा पलंगांच्या विक्रीवर बंदी आली.

चादरी ३ आणि पाणी न झिरपणारे थर २ घ्या. आधी थर, त्यावर चादर, पुन्हा थर, पुन्हा चादर, असं आधीच अंथरून ठेवलं की रात्री तीन वाजता वरची जोडी उचलली की काम होतं.

पलंग आईवडिलांच्याच खोलीत हवा, किमान पहिले सहा महिने. बाळाचं डोकं मागून चपटं होईल म्हणून खळगा असलेली उशी विकली जाते. ती झोपताना धोक्याची आहे. त्याऐवजी झोपवताना बाळाची मान एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे वळवा, आणि ते जागं असताना, तुम्ही समोर असताना, दिवसातून काही वेळा दोन-चार मिनिटं पोटावर ठेवा.

दूध

अंगावर पाजणार असाल तर खरेदी फारच थोडी: मऊ सुती रुमाल १०-१२, स्तनांवर ठेवायचे शोषक पॅड, हाताखाली घ्यायला घरातलीच एक घट्ट उशी, आणि आईच्या हाताशी पाण्याची बाटली. पहिल्या दिवशी दर वेळी चमचाभरच दूध येतं. त्यावरून दूध कमी आहे असं ठरवू नका, कारण बाळाच्या पोटात तेव्हा तेवढंच मावतं. जन्मल्यानंतर पहिल्या तासात पाजायला घेणं आणि सहा महिने फक्त आईचं दूध, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. पाणीसुद्धा सहा महिने नको. आणि वर्षाच्या आत मधाचं बोट नको, त्यात बोट्युलिझम या गंभीर आजाराचे जिवाणू-बीजाणू असू शकतात.

दूध काढायचा पंप आधीच घेऊ नका. बाळ अतिदक्षता विभागात राहिलं, नीट ओढत नसलं किंवा आई लवकर कामावर जाणार असली तर तो लागतो, आणि कोणत्या प्रकारचा हे तेव्हाच ठरतं. काढलेलं ताजं दूध २५ अंशांपर्यंतच्या खोलीत ४ तास, फ्रिजच्या मागच्या बाजूला ४ दिवस टिकतं. डब्यावर तारीख आणि वेळ लिहा.

पावडरचं दूध द्यावं लागणार असेल तर तयारी वेगळी. १२०-१५० मिलीच्या ६ बाटल्या, सर्वांत मंद धारेची बुचं, बाटलीचा ब्रश आणि सगळं बुडेल असं झाकणाचं पातेलं. पावडर निर्जंतुक नसते, तिच्यात जिवाणू असू शकतात. म्हणून पाणी गरम हवं, आणि हीच पायरी सगळ्यात जास्त चुकवली जाते.

१. हात धुवा. धुतलेल्या बाटल्या आणि बुचं पाण्यात पूर्ण बुडवून १० मिनिटं उकळा.
२. ताजं पाणी उकळा आणि अर्ध्या तासाच्या आत वापरा, म्हणजे ते ७० अंशांच्या खाली जात नाही.
३. आधी बाटलीत पाणी मोजून घ्या, मग पावडर. उलट केलं तर पाण्याचं माप चुकतं.
४. डब्यातलाच चमचा वापरा, पावडर दाबू नका, वरून सुरीच्या पाठीने सपाट करा. प्रमाण डब्यावर लिहिलेलंच. घट्ट केलं तर बद्धकोष्ठ आणि शरीरातलं पाणी कमी होणं, पातळ केलं तर उपासमार.
५. झाकण लावून हलवा, बाटली गार पाण्याच्या धारेखाली धरा, मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकून बघा. कोमट लागायला हवं, गरम नाही.
६. दोन तासांत न संपलेलं दूध ओतून टाका. उष्टं दूध पुन्हा तापवू नका.

अंघोळ आणि नाळ

पहिली अंघोळ किमान २४ तासांनी. अंगावरचा पांढरा थर चोळून काढायची गरज नाही, तो त्वचेचं रक्षणच करतो. नाळ पडेपर्यंत ओल्या कापडाने पुसून घेतलं तरी पुरतं. लागतं काय, तर एक लहान टब, टोपीचे २ टॉवेल, पुसायची मऊ कापडं ४, बिनवासाचा सौम्य साबण. पाणी ५ ते ८ सेंटिमीटर खोल आणि ३७ अंशांच्या आसपास. आधी गार पाणी, मग गरम घालून ढवळा, आणि कोपराने बघा. हाताच्या पंजाला बरं वाटणारं पाणी बाळाला जास्त गरम असू शकतं. टॉवेल आणि कपडे उघडून बाजूला मांडल्याशिवाय बाळाला पाण्यात घेऊ नका.

नाळेला काही लावायचं नाही, फक्त कोरडी ठेवायची. लंगोटाची वरची कड बेंबीखाली दुमडायची. साधारण ५ ते १५ दिवसांत ती आपोआप पडते. अर्धवट लोंबत असली तरी ओढू नका. भोवतालची कातडी लाल होऊन पसरत असेल, पू किंवा घाण वास येत असेल तर त्याच दिवशी डॉक्टर.

औषधांचा डबा

या डब्यात डिजिटल थर्मामीटर, नाकात घालायचे सलाइनचे थेंब आणि डॉक्टरांनी सांगितलेलं ड जीवनसत्त्व असलं की झालं. काखेतलं तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस हे ठीक. ३७.५ च्या वर गेलं तर जादा कपडे काढून थोड्या वेळाने पुन्हा मोजा आणि डॉक्टरांना फोन करा. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ किंवा त्याहून जास्त, म्हणजे १००.४ फॅरनहाइट, दिसलं तर रात्र असो वा दिवस, लगेच दवाखाना. घरातलं तापाचं औषध स्वतःहून देऊ नका. उबदार गुंडाळूनही तापमान ३६.५ च्या खाली राहिलं, बाळ मलूल झालं, प्यायला उठेना, तर तेही तितकंच तातडीचं आहे. लहान बाळाचा आजार बऱ्याचदा थंड पडण्यातूनच दिसतो.

ड जीवनसत्त्वाचा नेहमीचा डोस दिवसाला ४०० युनिट. पण एका बाटलीत ४०० युनिट १ मिलीत असतात, तर दुसऱ्या बाटलीत एका थेंबात. बाटली बदलली आणि ड्रॉपर भरून दिला तर कित्येक पट डोस जातो. बाटलीवर ठळक अक्षरांत चिठ्ठी चिकटवा: रोज किती थेंब, किंवा किती मिली.

आईच्या गरजा

या नेहमी यादीच्या शेवटी राहतात, आणि पहिल्याच रात्री लागतात. प्रसूतीनंतरचा रक्तस्राव कमी होत होत ४ ते ६ आठवडे चालतो. मोठे, जास्त शोषणारे पॅड सुरुवातीला दोन पाकिटं तरी हवेत. उंच कमरेच्या सुती चड्ड्या ६-८, म्हणजे सिझेरियन झालं तर कड टाक्यांवर येत नाही. पुढून उघडणारे गाऊन ४. टाके असतील तर शू करताना वरून कोमट पाणी सोडायला दाबायची बाटली. तासाभरात एक पूर्ण पॅड भिजत असेल किंवा मोठ्या गुठळ्या पडत असतील तर थांबायचं नाही, लगेच दवाखान्यात जायचं.

दवाखान्याची पिशवी आणि घरी येणं

बाळाचे कपडे संच करून भरा: एका पारदर्शक पिशवीत एक झबलं, दोन लंगोट, एक दुपटं, एक मोज्यांची जोडी. असे ४ संच. वर चिठ्ठी लावा. पिशवी बहुतेक वेळा आई उघडत नाही, दुसरंच कोणी घाईत उघडतं. शिवाय दोन मऊ टॉवेल वेगळे आणि सगळ्यात वर ठेवा, जन्मल्याबरोबर एकाने बाळाला कोरडं करायचं आणि दुसरा कोरडा वर घ्यायचा. २० डायपर, कापूस, टोपडी २. कागदपत्रं आणि सगळ्या तपासण्यांची फाइल बाहेरच्या कप्प्यात.

गाडीने घरी येणार असाल तर बाळाची कार सीट ३६व्या आठवड्यातच बसवून बघा. ती मागच्या सीटवर, बाळाचं तोंड गाडीच्या मागच्या बाजूला येईल अशी लागते. चालू एअरबॅगसमोर कधीच नाही. जिथून पट्टा जातो तिथे धरून हलवली तर अडीच सेंटिमीटरहून जास्त हलता कामा नये. खांद्याचे पट्टे बाळाच्या खांद्याच्या उंचीवर किंवा किंचित खालून यावेत, आणि ओढल्यावर खांद्यापाशी पट्ट्याची चिमूट येऊ नये. जाड स्वेटर घालून पट्टे आवळले तर धक्क्यात स्वेटर दबतो आणि पट्टा सैल पडतो. आधी पट्टे लावा, मग वरून दुपटं पांघरा. वापरलेली सीट घेताना तिचा अपघात झालेला नाही याची खात्री देणारा माणूस ओळखीचा हवा, आणि सीटवरची मुदत उलटलेली नसावी. घरी पोचल्यावर बाळ झोपलेलं असलं तरी उचलून सपाट जागी ठेवा. त्या सीटमध्ये मान पुढे झुकून हनुवटी छातीला टेकते आणि श्वासनलिका दबू शकते.

दुसरी खरेदी

पहिल्या काही दिवसांत बाळाचं वजन ७ ते १० टक्क्यांपर्यंत उतरतं आणि १०-१४ दिवसांत पुन्हा जन्माच्या वजनावर येतं. दुसरी खरेदी त्या वजनाच्या दिवशी करा. तोपर्यंत डायपरचं कुठलं माप बसतं, कापडी जमतात की नाहीत, दूध कसं चाललंय, कपडे वाळायला खरोखर किती वेळ लागतो, हे सगळं कळलेलं असतं. पाकिटं न फोडता, पावत्या जपून ठेवल्या तर पहिल्या खरेदीतलं चुकलेलं माप बदलूनही घेता येतं.

बूट, सुगंधी लोशन, बाटली गरम करायचं यंत्र, पुसण्याचे कागद गरम ठेवणारा डबा, हे तेव्हाही लागणार नाही. चाकांचा वॉकर तर कधीच घेऊ नका. जिन्यावरून गडगडून होणाऱ्या डोक्याच्या इजांमुळे कॅनडाने २००४ मध्ये त्याच्या विक्रीवर बंदी घातली, आणि त्याने मूल लवकर चालायलाही शिकत नाही. कोणी भेट काय देऊ असं विचारलं तर ६२ मापाचे कपडे सांगा. ५६ ची झबली पोटावर ताणायला लागतील तेव्हा ते उपयोगी पडतील.